सहा आठवड्यांची ‘छोटी सायकल’ शरीराला किती महिन्यांची पडते?

प्रश्न थोडक्यात असा: वय २३, तीन वर्षं नियमित व्यायाम, पुढच्या हंगामात ‘जिल्हा श्री’ या शरीरसौष्ठव स्पर्धेला उतरायचं आहे. जिममधले सर म्हणतात, “मोठी सायकल नको, सहा आठवड्यांची छोटी मार. आधी डायना, शेवटी विनी. शरीराला कळायच्या आत संपलेली असते.” (सायकल म्हणजे ठरावीक आठवडे स्टेरॉइड घेऊन थांबणं; डायना, विनी ही त्यातल्या गोळ्यांची जिममधली नावं.) हे खरं आहे का, आणि छोट्या सायकलचे तोटे नेमके काय?

मी कोल्हापुरात बावीस वर्षं हार्मोनचा डॉक्टर म्हणून काम करतोय. थायरॉइड आणि मधुमेहाच्या रांगेत आठवड्याला एक-दोन पिळदार पोरं बसलेली असतातच. ती तोंड उघडायच्या आधी मी रिपोर्टवर एक आकडा बघतो, एचडीएल. पंचविशीतला, सिगारेटला हात न लावणारा, रोज दोन तास घाम गाळणारा मुलगा आणि एचडीएल १४! चांगलं समजलं जाणारं हे कोलेस्टेरॉल अशा मुलात ४० च्या वर असायला हवं. मी विचारतो, “कुठली गोळी?” तो आईकडे बघतो. मग मी आईंना बाहेर बसायची विनंती करतो.

यातली बहुतेक मुलं वर्षानुवर्षं इंजेक्शनं घेणारी नसतात. ती छोट्या सायकलवालीच असतात. छोटी म्हणून घरी सांगितलेलं नसतं, छोटी म्हणून तपासण्या केलेल्या नसतात आणि छोटी म्हणून दुसरी, तिसरीही झालेली असते.

आधी एक कबुली. स्टेरॉइडनं काही होत नाही, सगळं पाणीच असतं, असं सांगणाऱ्या डॉक्टरांवर मुलं विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबर करतात. १९९६ साली अमेरिकेत ४३ निरोगी पुरुषांवर एक नेटका अभ्यास झाला. दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनँथेट (पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन), दहा आठवडे. इंजेक्शन आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं चरबी वगळून वजन सरासरी सहा किलोंनी वाढलं, नुसता व्यायाम करणाऱ्यांचं दोन किलोंच्या आसपास. नुसतं इंजेक्शन घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचंही तीन किलोंवर गेलं. औषध काम करतं. तुमच्या सरांचं तिथे चुकत नाही. चुकतं ते ‘शरीराला कळायच्या आत’ या वाक्यात.

शरीराला कळायला सहा आठवडे लागत नाहीत, काही दिवस पुरतात. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी आहे. ती साधारण दर दीड-दोन तासांनी एलएच नावाच्या हार्मोनची एक लाट सोडते. ती लाट वृषणापर्यंत पोहोचली की तिथे टेस्टोस्टेरॉन तयार होतं. बाहेरून स्टेरॉइड आलं की वरच्या केंद्राला वाटतं, माल भरपूर आहे. गावात टँकर सुरू झाला की बोअरची मोटर बंद ठेवतात, तसंच. पहिल्या आठवड्यातच एलएच खाली येऊ लागतं, आणि नेहमीच्या जिमच्या डोसला ते तपासणीत जवळजवळ शून्य दिसतं. गोळी असो वा इंजेक्शन, ‘सौम्य’ म्हणून विकलं जाणारं ‘अनावर’ (ऑक्सँड्रोलोनची गोळी) असो वा डेका (नँड्रोलोनचं इंजेक्शन), या बाबतीत फरक उन्नीस-बीसचा.

आता दिवस मोजू. तुमचे सर मोजतात ते सुईचे किंवा गोळीचे दिवस. शरीर मोजतं ते औषध रक्तात असण्याचे दिवस. टेस्टोस्टेरॉन एनँथेट तेलात असतं, ते स्नायूतून हळूहळू झिरपतं. त्यातलं निम्मं जायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. अशा औषधाची रक्तातली पातळी पूर्ण चढायलाच चार-पाच आठवडे जातात, म्हणजे सहा आठवड्यांच्या सायकलमध्ये ती जेमतेम शेवटी चढते. शेवटची सुई झाल्यावर उतरायला पुन्हा चार-पाच आठवडे. कागदावर सहा आठवड्यांची सायकल, पण पियुषिका दहा-अकरा आठवडे बंद. आणि औषध पूर्ण गेल्यावर ती कुठे जागी व्हायला लागते. पुढचे आठवडे किंवा महिने वेगळेच.

हे जिममधल्या जुन्या लोकांना अनुभवानं माहीत असतं. म्हणूनच ते छोट्या सायकलला एनँथेट देत नाहीत, कारण ‘चढायच्या आत संपतं’. मग लवकर चढणारं काय? गोळ्या. डायना म्हणजे मिथॅनडाइनोन, विनी म्हणजे स्टॅनोझोलोल, नाहीतर अनाड्रॉल. आणि दिवस कमी म्हणून डोस जास्त. माझ्या मते छोट्या सायकलचा खरा तोटा इथेच आहे. ती छोटी ठेवायची म्हणून गोळ्यांची करावी लागते, गोळ्यांची म्हणून यकृतावर आणि कोलेस्टेरॉलवर जाते, आणि मिळालेलं टिकत नाही म्हणून पुन्हा करावी लागते.

गोळीच का वाईट, हे एकदा समजून घ्या. साधं टेस्टोस्टेरॉन पोटातून घेतलं तर यकृत त्याचा पहिल्याच फेरीत फडशा पाडतं. ते वाचावं म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी रेणूच्या सतराव्या कार्बनला एक शेपटी जोडली, तिथे यकृताचा दात लागत नाही. सीबा कंपनीनं १९५८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणलेलं डायनाबॉल याच जातीचं. यकृताला जे तोडता येत नाही, ते त्यालाच बाधतं. पित्त बाहेर ढकलणारी यंत्रणा अडते.

अशी कावीळ मी अनेकदा पाहिली आहे. एकाची सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो. पाच आठवडे गोळ्या घेतल्या, आठवडाभर अंगाला खाज सुटली म्हणून त्यानंच बंद केल्या. खाज रात्री इतकी, की पोरगं कंगव्यानं पाठ खाजवायचं. मग लघवी चहासारखी, डोळे पिवळे. घरच्यांनी आधी गावात काविळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं. दोन आठवडे पथ्य, ताक-भात. माझ्याकडे आला तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, २४ होतं. गोळ्या बंद करून वीस दिवस झाले होते आणि आकडा अजून चढत होता. या काविळीचा हाच त्रासदायक स्वभाव आहे. औषध थांबलं तरी ती काही आठवडे वाढत राहू शकते, उतरायला दोन-तीन महिने घेते, आणि एवढं बिलिरुबिन मूत्रपिंडालाही दुखवतं. त्या मुलाचं क्रिएटिनिन वाढलं होतं. तो बरा झाला, पण कमावलेलं सगळं वजन आणि वर सात किलो घालवून.

इथे एक तांत्रिक गोष्ट. जिममध्ये सांगतात, “एसजीपीटी काढ, थोडं वाढलं तर चालतं.” एसजीपीटी आणि एसजीओटी हे यकृताच्या तपासणीतले एन्झाइम जोरदार लेग डेनंतरही, म्हणजे पायांच्या व्यायामानंतरही, वाढतात, कारण ते स्नायूतही असतात. उलट पित्त अडलेल्या काविळीत ते कधीकधी फारसे वाढलेले नसतात. म्हणून त्या एकट्या आकड्यावर निर्धास्त होऊ नका आणि घाबरूही नका. बिलिरुबिन, यकृत-पित्ताचे जीजीटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज, आणि स्नायूचा सीपीके एकत्र बघायचे. तपासणीआधी तीन-चार दिवस जड व्यायाम बंद.

कोलेस्टेरॉलचं तर सहा आठवड्यांचंच गणित उपलब्ध आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ११ वजन उचलणाऱ्या पुरुषांना सहा आठवडे स्टॅनोझोलोलची रोज ६ मिलिग्रॅमची गोळी दिली, आणि वेगळ्या सहा आठवड्यांत दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. इंजेक्शननं एचडीएल ९ टक्के घटलं, गोळीनं ३३ टक्के. एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, गोळीनं २९ टक्के वाढलं. ६ मिलिग्रॅम म्हणजे किती, हे तुमच्या सरांना विचारा. जिममध्ये याच्या कित्येक पट घेतात, आणि म्हणून मला १४ चे आकडे दिसतात. गोळी थांबली की काही आठवड्यांत एचडीएल परत येतं, हे खरं. वर्षातून तीनदा सायकल केली तर ते यायच्या आत पुन्हा जातं, हेही खरं.

आता ज्या गोष्टीसाठी माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात, ती. तीच जिममध्ये सगळ्यात कमी बोलली जाते.

वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा पन्नास ते शंभर पट असतं, आणि शुक्राणू तयार व्हायला तेवढं लागतं. बाहेरून कितीही टोचा, तिथे ती पातळी पोहोचत नाही. एलएच बंद म्हणजे आतली भट्टी बंद. रक्तात टेस्टोस्टेरॉन ओसंडतंय आणि वीर्यात शुक्राणू शून्य, हे एकाच माणसात एकाच वेळी असतं. याचा वापर करून पुरुषांसाठी गर्भनिरोधक इंजेक्शन करायचे प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या सुमारास केले. दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, बस्स. बहुसंख्य पुरुषांत शुक्राणू शून्यावर गेले. जिममध्ये तुम्ही ज्या साध्या टेस्टोस्टेरॉनला ‘बेसिक टेस्ट’ म्हणता, ते वैद्यकशास्त्रानं गर्भनिरोधक म्हणून वापरून पाहिलं आहे.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे छोट्या सायकलमध्ये घोटाळा असा होतो, की आज जे वीर्यात दिसतं ते अडीच महिन्यांपूर्वी सुरू झालेलं असतं. सायकल संपली त्या आठवड्यात तपासणी केलीत तर आकडा ठीक येऊ शकतो. “बघा, छोटी होती म्हणून काही झालं नाही.” खरा खड्डा पुढच्या दोन-तीन महिन्यांत येतो. वर्षाच्या सुरुवातीला सायकल, मार्चमध्ये समाधान, मे महिन्यात लग्न.

असं जोडपं आलं की बहुधा फाइल बायकोच्या नावाची असते. तिच्या सोनोग्राफ्या, तिचे रक्ताचे रिपोर्ट, तिच्या गर्भनलिकेचा एक्स-रे. सासूबाईंनी सुचवलेले दोन वैद्य. नवऱ्याची एकही तपासणी नाही, कारण दंड असा, छाती अशी, त्याच्यात काय कमी असणार! त्या मुलीनं दीड वर्ष जे ऐकून घेतलेलं असतं त्याची नोंद कुठल्या रिपोर्टमध्ये नसते.

परत येतं का? बहुतेकांत येतं. गर्भनिरोधक अभ्यासांतले पुरुष एकत्र करून २००६ मध्ये हिशेब मांडला गेला. इंजेक्शनं थांबल्यावर शुक्राणूंची संख्या सहा महिन्यांत ६७ टक्के पुरुषांत पुरेशी झाली, वर्षभरात ९० टक्क्यांत आणि दोन वर्षांत जवळजवळ सगळ्यांत. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शुद्ध औषधावर, ठरलेल्या डोसवर होते. जिममध्ये तीन औषधं एकत्र घेणाऱ्याला हा आकडा तसाच लागू होईल, असं मी सांगू शकत नाही. डेन्मार्कमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात स्टेरॉइड सोडून सरासरी अडीच वर्षं झालेल्या पुरुषांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिक जणांचं टेस्टोस्टेरॉन खालच्या मर्यादेखाली होतं. ते दीर्घकाळ घेणारे होते, तुमच्यासारखे नवखे नव्हेत. मात्र तेही कधीतरी छोट्या सायकलवालेच असतील.

“मग दोन आठवड्यांचीच केली तर?” हाही प्रश्न येतो. दोन आठवडे चालू, चार आठवडे बंद, अशी एक टूम आहे. लवकर उतरणारं औषध इतके कमी दिवस घेतलं तर पियुषिका लवकर सावरते, हे मी नाकारत नाही. पण दोन आठवड्यांत वाढतं काय? पहिल्या पंधरवड्यात डायनावर जे तीन-चार किलो चढतात, त्यात बहुतेक पाणी आणि स्नायूंतला ग्लायकोजनचा साठा. ते महिन्याभरात उतरतं. वर्षभर अशा फेऱ्या मारल्या की औषधाचे सतरा-अठरा आठवडे होतात, म्हणजे मोठी सायकल सुट्या पैशात.

फेरी का वाढते, हे समजायला सायकलनंतरचे दोन महिने पाहावे लागतात. औषध गेलेलं असतं, स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आलेलं नसतं. बेंचवर ११० किलो मारणारा ८५ ला अडखळतो. झोप उडते, चिडचिड, लैंगिक इच्छा मेलेली. नेदरलँड्समधल्या हार्लेम शहरात १०० वापरणाऱ्यांवर वर्षभर लक्ष ठेवून झालेल्या अभ्यासात सायकलनंतर निम्म्याहून अधिक जणांनी इच्छा कमी झाल्याचं सांगितलं. वर्षअखेरीला बऱ्याचशा गोष्टी मूळपदावर आल्या, आणि त्यात वाढलेलं शरीरही होतं. या पोकळीत पोरगं आरशासमोर उभं राहतं आणि त्याला एकच गोष्ट सुचते. काहींना याहून काळे विचार येतात. “डॉक्टर, जगण्यात राम वाटत नाही,” असं म्हणणाऱ्या पैलवानी बांध्याच्या मुलाला मी मनोविकारतज्ज्ञांकडे स्वतः फोन करून पाठवलं आहे. वापरणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना याची सवय जडते, असा या क्षेत्रातल्या संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतल्या प्रत्येकानं पहिली सायकल ‘हीच शेवटची’ असं म्हणतच सुरू केलेली असते.

“पण सर पीसीटी देणार आहेत.” पीसीटी म्हणजे सायकलनंतर स्वतःचं हार्मोन जागं करायचा औषधोपचार. क्लोमिफेन आणि टॅमॉक्सिफेन पियुषिकेला जागं करायला मदत करतात, ही औषधं आम्हीही वापरतो. अडचण वेगळी आहे. क्लोमिफेन चालू असताना एलएच आणि टेस्टोस्टेरॉन काढलं तर आकडे छान येतात, कारण ते औषधाचे आकडे असतात. बंद केल्यावर महिनाभरानं काढलेला रिपोर्ट खरा. आणि एचसीजीचं इंजेक्शन तर एलएचचीच नक्कल करतं, त्यानं वृषण चालतात पण पियुषिका झोपलेलीच राहते. तपासणीशिवायची पीसीटी म्हणजे पेट्रोलचा काटा तुटलेल्या गाडीत अंदाजानं तेल भरणं.

न्यायानं हेही सांगतो, की काही गोष्टींत छोटी सायकल खरोखर मोठीपेक्षा कमी नुकसान करते. रक्त घट्ट होणं, हृदयाची भिंत जाड होणं, हृदयाची ताकद घटणं, हे डोस आणि वर्षं साचत जातात तसं वाढतं. एका सायकलनं हृदय निकामी झालेला माणूस मी पाहिलेला नाही. मुरूम, टक्कल यांचं नशिबावर आहे. छातीला गाठ येणं मात्र सहा आठवड्यांतही होतं. निप्पलमागे दुखरी गोळी लागली आणि वर्षभर तशीच ठेवली, तर ती तंतुमय होते आणि मग गोळ्यांनी जात नाही, शस्त्रक्रियाच. स्नायूची ताकद महिन्यात वाढते, स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा तितक्या वेगानं तयार होत नाही, म्हणून दंडाची किंवा छातीची कंडरा तुटून ऑर्थोपेडिककडे पोहोचणारेही असतात. आणि अकरावी-बारावीच्या मुलांनी तर याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. हाडांची वाढीची टोकं बंद झाली की उंची तिथेच थांबते.

पुडीत काय आहे, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते, आणि जिमच्या काउंटरखालून येणाऱ्या डबीवरचं नाव आणि आतला माल यांचा संबंध असेलच असं नाही. ‘अनावर’ म्हणून घेतलेल्या गोळीत स्वस्तातली डायना निघणं ही जुनी युक्ती. हल्ली त्याच हातांतून मेफेनटरमाइनची इंजेक्शनंही विकली जातात. ते स्टेरॉइड नाहीच, शस्त्रक्रियेच्या टेबलावर घसरलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. व्यायामाआधी ‘जोश’ म्हणून टोचतात, आणि त्याची चटक लागते. पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी असे साठे पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच.

तुम्हाला पुढे कुस्ती किंवा वेटलिफ्टिंगकडे वळायचं असेल, खेळाडू कोट्यातून नोकरी हवी असेल, तर आणखी एक. डेकाचे अंश उत्तेजकांच्या चाचणीत लघवीत दीड वर्षापर्यंतही सापडू शकतात. २००८ आणि २०१२ च्या ऑलिम्पिकचे जपून ठेवलेले नमुने काही वर्षांनी नव्या पद्धतीनं तपासले, तेव्हा गोळ्यांचे अंश निघाले आणि पदकं परत गेली.

तुमच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर: २३ व्या वर्षी, तीन वर्षांच्या व्यायामावर, मी ही सायकल करू देणार नाही. या वयात तुमचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन आयुष्यातल्या सगळ्यात वरच्या टप्प्यात आहे. तीन वर्षांत आहार आणि झोप खरंच मोजून पाळली का, हे आधी स्वतःला विचारा. माझ्याकडे येणारी दहातली आठ मुलं प्रथिनं मोजत नाहीत आणि रात्री एकला झोपतात.

आणि गोळ्या आधीच सुरू केल्या असतील, तर आज थांबवा. गोळी हळूहळू कमी करत बसायची गरज नाही. महिनाभरानं सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, लिपिड, यकृताच्या तपासण्या आणि सीबीसी करा. वीर्यतपासणी तीन महिन्यांनी. खाज, गडद लघवी, छातीत दुखणं, एका पायाला सूज, यांतलं काही दिसलं तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरांना गोळीबद्दल पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर ते विषाणूची कावीळ शोधण्यात चार दिवस घालवतील. डबी टाकून देऊ नका, सोबत न्या. आईसमोर सांगायचं नसेल, तर “दोन मिनिटं एकट्यानं बोलायचंय” एवढं म्हटलं तरी पुरतं.